लहानपणीचं गोष्टीचं पुस्तक: शोधायचं कसं, सांधायचं कसं, वाचून दाखवायचं कसं

"नाव विसरलो, पण म्हातारी भोपळ्यात बसते ते चित्र डाव्या पानावर होतं," असं सांगणारा माणूस मला फार आवडतो. भोपळ्यातली म्हातारी ढीगभर पुस्तकांत सापडेल, पण डाव्या पानावरची शोधता येते.

माझी सगळी नोकरी नागपुरातल्या एका शाळेच्या ग्रंथालयात झाली. निवृत्त झाले तरी महाल भागातले जुने शेजारी, बहिणीच्या सासरची माणसं, सोसायटीतल्या बायका एकच प्रश्न घेऊन येतात: लहानपणी वाचलेलं अमुक पुस्तक कुठं भेटेल? दर वेळी तेच ते सांगत बसण्यापेक्षा एकदा सगळं लिहून काढते.

गोष्ट पुन्हा मिळणं फारसं अवघड नसतं. गाजलेल्या पुस्तकांच्या नव्या आवृत्त्या निघतच असतात. मनात बसलेली असते ती मात्र आपल्या हातातली प्रत. तीच चित्रं, तोच मोठा टाइप, कोपऱ्यात कुणीतरी निळ्या शाईनं काढलेली मिशी. नव्या आवृत्तीत चित्रकार बदललेला असला की माणूस दोन पानं चाळतो आणि म्हणतो, "हे ते नाही." म्हणून शोध घ्यायचा तो चित्राचा. नाव मागून येतं.

आधी एक कागद घ्या

फोनवर शोधायला बसण्याआधी आठवतं तेवढं कागदावर उतरवा. एकदा का दुसऱ्यांची चित्रं पाहिली की आपली आठवण त्यांच्यात मिसळते, मग वेगळी काढता येत नाही. काय लिहायचं? पुस्तक आडवं होतं की उभं. मधोमध पिना होत्या की जाड पुठ्ठा. चित्रं रंगीत होती की एकाच रंगात. कागद गुळगुळीत होता की रद्दीसारखा. कुणी दिलं, कोणत्या वर्गात असताना, कोणत्या घरात राहत होता. घर फार उपयोगी पडतं. "आम्ही तेव्हा बडकस चौकाजवळच्या वाड्यात होतो" एवढं आठवलं तरी साल पाच-सहा वर्षांच्या आत येतं.

मग भावंडांना विचारा, पण वेगवेगळं. सगळ्यांना एकत्र बसवलं की सगळ्यात मोठा भाऊ बोलतो आणि बाकीचे माना डोलावतात.

माझं स्वतःचं एक पुस्तक असंच होतं. मला आठवत होतं बर्फ, घसरगाडी आणि कानटोपी घातलेला मुलगा. मे महिन्यात, वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारलेल्या खोलीत, थंड फरशीवर पालथं पडून मी ते पाहत असे. बर्फ म्हणजे गोळेवाल्याच्या पोत्यातली लादी, एवढंच मला ठाऊक. तो झाडावर पडतो हे त्या पुस्तकानं सांगितलं. ताईला विचारलं तर तिला बर्फ आठवेना, तिला लाल मांजर आठवत होतं. दादा म्हणाला, शेवटच्या पानावर मॉस्को छापलेलं होतं. तिन्ही तुकडे जोडले आणि रस्ता दिसला. सोव्हिएत संघातल्या 'प्रगती' आणि पुढं 'रादुगा' या प्रकाशनांची मुलांची पुस्तकं आपल्याकडे अतिशय स्वस्तात मिळायची. मराठी पुस्तकं लोकवाङ्मय गृहामार्फत यायची. १९९१मध्ये सोव्हिएत संघच संपला आणि ती येणंही थांबलं. म्हणजे ते नव्यानं छापलेलं मिळायची आशा कमी, शोधायचं तर जुन्यातच.

बर्डीवरच्या, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारातल्या, एका जुन्या पुस्तकवाल्यानं माझा कागद वाचला आणि म्हणाला, "बाई, मराठीत नाही भेटणार. तिकडं हिंदीच्या गठ्ठ्यात पाहून घ्या ना." तिथंच होतं. मजकूर हिंदी, चित्रं तीच, लाल मांजरासकट. हीच पुस्तकं बऱ्याच भाषांत निघायची आणि चित्रं एकच असायची, हे त्या माणसाला माझ्याआधी ठाऊक होतं.

हिंदीच्या गठ्ठ्याचं हे नागपूरकरांनी लक्षात ठेवावं. आपलं गाव १९५६पर्यंत मध्य प्रांताची आणि मग मध्य प्रदेशाची राजधानी होतं. घराघरांत 'चांदोबा'शेजारी 'पराग' आणि 'नंदन' ही हिंदी मासिकं असायची. आमच्यापैकी पुष्कळांनी गोष्ट हिंदीत वाचलेली असते आणि आठवते मात्र मराठीत. मराठीत सापडत नसेल तर ती मराठीत नसेलच, हेही एकदा धरून चाला.

साल कसं काढायचं

हाती आलेली प्रत आपल्याच काळातली आहे का, हे ओळखायला मुखपृष्ठ सोडा, आतलं दुसरं पान आणि मागचं पान बघा. पहिलं पान फाटलेलं असलं तरी काम होतं.

जुन्या मराठी पुस्तकांवर बऱ्याचदा शकाचं वर्ष असतं. त्यात ७८ मिळवा. शके १८८५ असेल तर १९६३. वर्षअखेरीचं असेल तर ७९ मिळवावे लागतात, पण लहानपण शोधताना एका वर्षानं काही बिघडत नाही.

किंमत बघा. आण्यांत असेल तर पुस्तक बहुतेक १९५७च्या आधीचं, कारण त्या वर्षीच्या एप्रिलपासून दशमान नाणी आली. "५० नये पैसे" असं असेल तर १९५७ ते १९६४मधलं. त्यानंतर 'नये' गळालं. पत्ता बघा. "पुणे २" किंवा "मुंबई ४" इतकंच असेल तर ते बहुधा १९७२च्या आधीचं. सहा आकडी पिनकोड १५ ऑगस्ट १९७२पासून सुरू झाले, तेव्हा "४११ ०३०" दिसलं की त्यानंतरचं. दुकानदारानं वर किमतीची चिठ्ठी डकवली असेल तर ती ओरबाडू नका, खालची मूळ किंमत उजेडासमोर धरून वाचता येते.

आणि शिक्के. माझ्याकडे एका बंद पडलेल्या वाचनालयाचं पुस्तक आहे, त्यावर गोल शिक्का आहे: नागपूर, म. प्र. नव्या पिढीला ती छपाईतली चूक वाटते. चूक नाही. १९५० ते १९५६ या काळात नागपूर मध्य प्रदेशात होतं. पुस्तकाचं वय एका शिक्क्यानं इतकं नेमकं सांगितलेलं मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. म्हणून शिक्के, नावं, "तान्ह्या पोळ्यानिमित्त बक्षीस" असल्या चिठ्ठ्या खोडू नका, काढू नका.

मासिकांचं सोपं असतं. विक्रमाच्या खांद्यावर प्रेत, हातात तलवार, मागं स्मशान, हे चित्र आठवत असेल तर तो 'चांदोबा'. मद्रासहून १९४७च्या जुलैत तेलुगू आणि तमिळमध्ये तो सुरू झाला, मराठीत १९५२पासून आला, आणि विक्रम-वेताळाचं ते चित्र शंकर या चित्रकाराचं. २०२० साली ते गेले. 'किशोर' असेल तर घराबाहेर पडायचीच गरज नाही. बालभारतीनं नोव्हेंबर १९७१च्या पहिल्या अंकापासूनचे जुने अंक संकेतस्थळावर फुकट वाचायला ठेवले आहेत. आपल्या जन्मवर्षात दहा मिळवा आणि त्या वर्षीचा दिवाळी अंक उघडा, दुपार गेलीच म्हणून समजा.

नागपुरात कुठं फिरायचं

बर्डीवरच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांत समोर सगळी स्पर्धा परीक्षांची आणि इंजिनीअरिंगची पुस्तकं असतात. त्यांच्याकडे बघायचं नाही. गोष्टींची पुस्तकं पातळ असतात, ती उभी राहत नाहीत. त्यामुळे ती खालच्या गठ्ठ्यात, सुतळीनं बांधलेली, बहुतेक वेळा दुकानदाराच्या स्टुलाखाली असतात. गठ्ठा सोडायची परवानगी मागा आणि पुन्हा बांधून द्या. बांधून देणाऱ्या गिऱ्हाइकाला पुढच्या वेळी आतल्या खोलीत नेतात.

रद्दीवाल्याकडे जायचे दोन हंगाम. एक परीक्षा संपल्यावर, एप्रिल-मेमध्ये. दुसरा दिवाळीच्या आधीचा, घराघरांत माळे उतरवतात तेव्हा. महालात आणि इतवारीत जुने वाडे पाडून फ्लॅट होताहेत. वाडा रिकामा होतो तेव्हा भांडी नातेवाईक नेतात, पुस्तकं रद्दीत जातात. आपल्या रद्दीवाल्याला आधीच सांगून ठेवा की लहान मुलांची जुनी पुस्तकं आली तर बाजूला ठेव, किलोच्या भावाच्या वर देईन. फार वर देऊ नका, नाही तर तो पुढच्या वेळी व्यापारी होतो.

दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला पुस्तकांच्या दुकानांच्या रांगा लागतात. नागपुरातल्या आणि विदर्भातल्या कितीतरी घरांत पहिलं पुस्तक तिथूनच आलेलं आहे: बाबासाहेबांचं मुलांसाठीचं छोटं चरित्र, जातककथा, पातळशी, पिना मारलेली. तुमच्या आठवणीतलं पुस्तक अशा गर्दीत, वडिलांच्या खांद्यावर बसून घेतलेलं असेल तर तिथल्या जुन्या विक्रेत्यांनाच विचारा. बर्डीचा पुस्तकवाला त्याबाबतीत काही सांगू शकणार नाही.

झांशी राणी चौकात विदर्भ साहित्य संघ आहे, १९२३पासूनची संस्था. तिथं, किंवा तुमच्या पेठेतल्या जुन्या वाचनालयात, नुसतं "बालविभाग कुठं" असं विचारू नका. दाखल नोंदवही बघायला मिळेल का, ते विचारा. तिच्यात पुस्तक कोणत्या वर्षी आलं ते लिहिलेलं असतं. तुम्ही चौथीत असतानाच्या वर्षाची पानं काढा आणि नावं वाचत जा. शंभर नावं वाचल्यावर एका नावाशी बोट थांबतं.

घरी आणल्यावर

लगेच कपाटात ठेवू नका. रद्दीतून आलेल्या पुस्तकाला कसर असते, आणि ती एका रात्रीत शेजारच्या पुस्तकात जाते. प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बंद करून फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच फोडायची नाही, आतलं पुस्तक खोलीच्या तापमानाला येऊ द्यायचं, नाही तर पानांवर पाणी धरतं. सूनबाईंना आधी कल्पना द्या. वाटाण्याच्या पाकिटाशेजारी विक्रमादित्य पाहून आमच्याकडे थोडी चर्चा झाली होती.

मग मऊ ब्रशनं, पानाच्या शिवणीकडून बाहेरच्या कडेकडे, धूळ झाडा. रंगकामाचा नवा ब्रश चालतो. ओलं फडकं नको. बुरशीचा वास असेल तर हे काम गच्चीवर, तोंडाला रुमाल बांधून करा. उन्हात मात्र वाळवत ठेवू नका. नागपूरचं ऊन पापडाला ठीक आहे. रद्दीसारखा कागद त्यात तासाभरात वाकडा होतो आणि रंग उडतात. सावलीच्या गॅलरीत, पुस्तक पंख्यासारखं उघडून उभं ठेवायचं.

सांधणं

इथं जरा सावकाश वाचा, कारण पुस्तकं जुनी होऊन जितकी खराब होत नाहीत तितकी दुरुस्त करून होतात.

पहिला शत्रू चिकटपट्टी. ती वर्षभर छान दिसते, मग पिवळी पडते, तिचा चीक कागदात मुरतो आणि पट्टी गळून पडल्यावरही तपकिरी डाग राहतो. जुनी पट्टी आपणहून सुटत असेल तर हलक्या हातानं काढा. घट्ट असेल तर राहू द्या. ओढाल तर अक्षरं तिच्याबरोबर येतील.

फाटलेलं पान जोडायला खळ करा. एक चमचा मैदा, पाच चमचे पाणी, अर्धा तास भिजू द्या. मंद आचेवर सतत ढवळत राहा. पांढरेपणा जाऊन ती काचेसारखी दिसू लागली की उतरवा. गार झाल्यावर मलमलीतून गाळा. साईसारखी हवी, वाहती नको. पूर्वी बाइंडर तिच्यात मोरचूद घालायचे, कसर लागू नये म्हणून. मुलांच्या पुस्तकाला मोरचूद अजिबात नको. ते विषारी असतं, आणि मूल पान उलटताना बोट जिभेला लावतंच. खळ फ्रीजमध्ये तीन-चार दिवस टिकते, वास आला की टाकून द्यायची.

पातळ टिशू कागद लागतो, चित्रकलेच्या सामानाच्या दुकानात जपानी टिशू म्हणून मागा. पट्टी कात्रीनं कापू नका. पाण्याच्या ब्रशानं एक रेघ ओढा आणि त्या रेघेवर फाडा, म्हणजे कडेला बारीक तंतू सुटतात. तेच तंतू पानात बेमालूम बसतात. पट्टीला खळ लावा, फाटलेल्या रेघेवर ठेवा, वर-खाली बटर पेपर घाला आणि वर कापडात गुंडाळलेली वीट. मे महिन्यात तासाभरात सुकतं. जुलैत रात्रभर ठेवा आणि बटर पेपर एकदा बदला. आधी कोपऱ्यात ओल्या कापसानं टोचून रंग सुटत नाही ना, हे मात्र बघायचंच. जुन्या मुखपृष्ठांचे लाल रंग फार बेभरवशाचे.

फेविकॉल पानाला नको. तो कडक होतो आणि परत सोडवता येत नाही. पाठीच्या कापडी पट्टीला थोडा लावला तर मी हरकत घेत नाही.

मासिकं आणि पातळ पुस्तकं पिनांवर उभी असतात, आणि पिना गंजतात. गंज कागद खातो. म्हणूनच जुन्या 'चांदोबा'चं मधलं पान नेहमी सुटं असतं. पीन उपटायची नाही. मधलं पान उघडा, पिनेचे दोन्ही पाय बोथट सुरीच्या टोकानं सरळ उभे करा, मग पुस्तक उलटं करून पीन बाहेरून अलगद काढा. गंजाची पूड ब्रशानं झाडा. आता पांढरा सुती दोरा, मेणबत्तीवर एकदा ओढून घेतलेला. सगळ्यात वरचं जुनं भोक आणि सगळ्यात खालचं जुनं भोक वापरा. मधोमध दाभणानं एकच नवं पाडा. सुई मधल्या भोकातून आतून बाहेर काढा, बाहेरून वर नेऊन वरच्या भोकातून आत घ्या, आतून थेट खालच्या भोकाकडे नेऊन बाहेर काढा, आणि पुन्हा मधल्या भोकातून आत या. दोऱ्याची दोन टोकं आतल्या लांब टाक्याच्या दोन बाजूंना घेऊन त्याच्यावर गाठ मारा. जुनी भोकं वापरल्यानं पान आणखी फाटत नाही, आणि हा टाका पुढं कधी काढावासा वाटला तर कात्रीच्या एका टोकानं निघतो.

जाड पुस्तक असेल, पुठ्ठा सुटला असेल, तर बाइंडरकडे जा. महालात अजून हातानं काम करणारे आहेत. त्यांना दोन गोष्टी ठणकावून सांगा, शक्यतो चिठ्ठीवर लिहून आत ठेवा. एक: "जुजबंदी करा, बाजूनं टोचून शिवू नका." जुजबंदी म्हणजे पानांच्या जुड्या घडीतून शिवणं. बाजूनं शिवलं की आतला समास गिळला जातो आणि प्रत्येक ओळीचा पहिला शब्द शिवणीत जातो. वर्षाचे बारा अंक एकत्र बांधलेले जुने गठ्ठे बघा, निम्मे असेच वाया गेलेत. दोन: "कडा कापू नका." बाइंडरला तीन बाजू मशिनवर कापून एकसारख्या केल्याशिवाय काम पुरं झाल्यासारखं वाटत नाही, आणि त्या कापात पानाचे आकडे, चित्रांचे कोपरे, कधीकधी शेवटची ओळही जाते. "भाऊ, वाकडंच राहू द्या" हे म्हणायला लाजायचं नाही.

रंगीत मुखपृष्ठावर खाकी कव्हर घालणं हा मला अन्याय वाटतो. स्टेशनरीच्या दुकानात ओएचपी शीट मिळते, पारदर्शक. ती दुमडून कव्हरसारखी घाला. मऊ प्लास्टिकची स्वस्त कव्हरं नकोत, उन्हाळ्यात ती मुखपृष्ठाला चिकटतात आणि काढताना रंग ओढून आणतात.

कूलर आणि पावसाळा

कागद कसा जपावा हे सांगणारी पुस्तकं थंड देशांत लिहिलेली असतात, त्यांत कूलर नसतो. आपल्याकडे एप्रिलपासून बाहेर पंचेचाळीस अंश आणि कोरडं ठक्क, आणि खोलीत कूलरची ओली हवा. दुपारी पानं ओल धरून फुगतात, कूलर बंद झाला की आकसतात. रोज हे झालं की डिंक सुटतो आणि पुठ्ठे वाकतात. पुस्तकांचं कपाट कूलरच्या झोतासमोर ठेवू नका. कूलरच्या खोलीतच नसलं तर उत्तम. पश्चिमेच्या बाहेरच्या भिंतीलाही टेकवू नका, ती रात्री दहापर्यंत तापलेली असते. आतली भिंत बघा, आणि कपाट भिंतीपासून चार बोटं पुढं.

जूनच्या मध्यानंतर पाऊस धरला की प्रश्न उलटा. दमटपणा पासष्ट-सत्तर टक्क्यांच्या वर राहिला की बुरशी येते. लोखंडी पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, त्या ओल्या झाल्या की कढईत कोरड्याच मंद भाजून पुन्हा वापरा. नंतर ती कढई घासून घ्या. वाळलेली कडुलिंबाची पानं आणि वेखंडाचे तुकडे मी ठेवते, आई ठेवायची म्हणून. डांबराच्या गोळ्या ठेवत नाही. त्या वासाचं पुस्तक मूल नाकाशी नेत नाही, आणि नेऊही नये.

फोनवर प्रत काढायची असेल तर

खिडकीजवळ, थेट ऊन नसलेल्या उजेडात, फ्लॅश बंद ठेवून फोटो घ्या. पानाच्या चारही कडा चौकटीत येऊ द्या. घरच्या माणसांसाठी एवढं पुरे. जगजाहीर टाकायच्या आधी मात्र कायदा बघा. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतात, आणि चित्रकाराचे हक्क वेगळे मोजले जातात. साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणून त्यांचं लेखन २०११पासून सर्वांसाठी खुलं आहे, मराठी विकिस्रोतावर वाचताही येतं. 'फास्टर फेणे'चे भा. रा. भागवत २००१ साली गेले. ती पुस्तकं बाजारात मिळतात, विकत घ्या.

वाचून दाखवणं

पहिल्यांदाच "हे माझ्या लहानपणीचं" असं सांगू नका. पोरं लगेच सावध होतात, आता उपदेश येणार म्हणून. पुस्तक नुसतं पलंगावर ठेवून द्या, चित्राचं पान वर करून.

जुनी भाषा सोपी करत बसू नका. कोस, मोहरा, सावकार, कावड असे शब्द ओघात येऊ द्यात. विचारलं तर सांगा, नाही विचारलं तर पुढं चला. माझ्या नातवाला 'कोस' म्हणजे किती ते ठाऊक नव्हतं, पण राजकुमार थकला हे त्याला बरोबर कळलं. आवाजाच्या जागा मात्र सोडू नका. फुरसुंगीचा बन्या फेणे 'ट्टॉक' करतो तिथं थांबा आणि मुलांना तो आवाज काढू द्या. सगळी खोली टकटक करायला लागली की पुस्तक मिटून पाच मिनिटं वाट बघायची, दुसरा उपाय नाही.

जुन्या गोष्टींत खटकणाऱ्या गोष्टी असतात. सावत्र आई नेहमी दुष्ट, सुंदर म्हणजे गोरी, आणि चोराची जात आधी सांगितलेली. माझ्या काही मैत्रिणी ती वाक्यं गाळून वाचतात. मी गाळत नाही, वाचते आणि विचारते, "असं का लिहिलं असेल?" शाळेत इतकी वर्षं पाहिलंय, गाळलेलं वाक्य मुलं नंतर स्वतः वाचतात आणि तेव्हा विचारायला शेजारी कुणी नसतं. फार लहान असतील तर ती गोष्टच दोन वर्षांनी काढा.

विक्रम-वेताळ वाचताना वेताळाचा प्रश्न आला की पुस्तक झाका. विक्रमाचं उत्तर वाचायचं नाही, आधी मुलांचं ऐकायचं. नातू एकदा म्हणाला, "आजी, पण उत्तर दिलं का वेताळ पळून जाते, हे राजाले माहीत आहे ना? मंग तो बोलतेच काहून?" त्यावर जेवणापर्यंत वाद चालला आणि ती गोष्ट त्या दिवशी पुरी झाली नाही. दुसऱ्या दिवशी त्यानंच पुस्तक काढून आणलं.

चिवड्याची वाटी आणि पुस्तक एका वेळी नको. हात धुऊन या म्हटलं तर पोरं धुतात, पण पुसत नाहीत. पलंगाशी एक पंचा टांगून ठेवा.

शेजारची मुलं न्यायला मागतात तेव्हा द्या. एका वहीत नाव आणि तारीख लिहायला लावा, मोठ्या माणसासारखी सही घ्या, सहीचा मुलांवर फार परिणाम होतो. परत आणताना गोष्ट सांगायची, असा माझ्याकडे नियम आहे. नाही आठवली तरी पुढचं पुस्तक मिळतं, फक्त जरा पातळ.